तूर्तास पेण डेपो

रविवार, ४ ऑक्टोबर १९९८. पेण.

आई गेल्यानंतर या वहीत एक ओळही लिहिली नाही. आधी त्याची माफी मागते. कोणाकडे मागते, हे मलाही सांगता यायचं नाही. पण चुकलं ते चुकलं म्हणून पुढे जाणं मला जमत नाही. उन्हाळा, पावसाळा दोन्ही कोरे गेले.

आज सांगण्यासारखं चांगलं आहे. मी मिरज सोडलं. घराची किल्ली भावाला दिली आणि कंपनीच्या रोह्याच्या कारखान्यात बदली मागून घेतली. पंचेचाळिशीला आलेली बाई आपणहून कोकणात जाते म्हणून ऑफिसात सगळ्यांना नवल वाटलं. रोह्यात कंपनीची घरं भरलेली, तेव्हा मला पेणला जागा मिळाली आहे. पूर्वी इथे कंपनीचा माल उतरवायचा डेपो होता. पुढे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे एक मोठी रिकामी वखार. जायला-यायला रोह्याची गाडी. वखारीच्या भिंतीपलीकडे गणपतीचा कारखाना आहे. यंदा विकले न गेलेले गणपती प्लॅस्टिकखाली ओळीने बसलेत. त्यांचे डोळे आखायचे राहून गेलेत. खिडकी उघडली की ओल्या शाडूचा वास येतो. मला आवडला.

कामाला धोंडुबाई मिळाल्या. खाडीकडच्या मिठागराच्या गावातून येतात. केर, भांडी आणि सकाळच्या भाकऱ्या. दारातच त्यांनी विचारलं, एकटीच काय गो बाय? मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, मंग बरं, भाकरी मोजायला नको. आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूप हसल्या. मीही हसले. किती दिवसांनी हसले!

गुरुवार, ८ ऑक्टोबर

काम समजलं. कारखान्यातल्या प्रत्येक वस्तूची, मग तो पंप असो की टेबलपंखा, नोंद आजवर एका जुन्या कॉम्प्युटरवर होती. आता मुंबईच्या हेड ऑफिसने नवं सॉफ्टवेअर घेतलं आहे आणि या सगळ्या नोंदी त्यात न्यायच्या आहेत. नुसत्या उचलून नव्हे. वस्तू जागेवर जाऊन पाहायची, तिच्यावरच्या पितळी पट्टीचा नंबर ताडायचा, आणि मगच टाइप करायचं. असं काम माझ्या स्वभावाचं आहे. आहे ते आहे म्हणायचं, नाही ते नाही. दसऱ्याचे झेंडू अजून यंत्रांवर वाळताहेत.

टाइप करायला वैशाली आहे. कोवळी पोर, गडबची. सकाळी कासूला गाडीत चढते आणि डबा शोधत माझ्या शेजारी येऊन बसते. तिचे वडील रघू याच कारखान्यात होते. अपघातात गेले, आणि त्यांच्या जागी हिला घेतलं. हे सांगताना ती बाहेर पाहत होती. मग एकदम म्हणाली, मॅडम, तुम्ही बसा खिडकीत. तुमच्याकडं नुसता ऊस, भातकापणी कुठं बघायला मिळणार तुम्हाला?

पोरगी गोड आहे. रोज कासू यायची वाट पाहते, हे आज लक्षात आलं.

शनिवार, १७ ऑक्टोबर

काही वस्तू कुठेच मिळत नाहीत. एक स्टूल, कँटीनची घंटा, जुने पंखे, दोन-तीन मोठी यंत्रं. मी आठवडाभर शोधते आहे. आज वैशालीने डबा खाता खाता सांगितलं, "मॅडम, ते नाय मिळायचं. ते सोडलेलं हाय."

मग रीत सांगितली. इथे वस्तू भंगारात निघाली की कामगार तिची पितळी पट्टी उचकटतात, पट्टीला कुंकू लावतात आणि ती कुंडलिका नदीच्या पात्रात सोडून येतात. गणपतीला बोळवताना आपण परत ये म्हणतो. इथे कोणी तोंड उघडत नाही, येताना मागे वळून पाहत नाही. तो नंबर पुन्हा कशाला देत नाहीत, कुठे लिहीतही नाहीत. मी कारण विचारलं. म्हणाली, नाव घेतलं की येतंय ना मॅडम. माणूस काय न् वस्तू काय. आणि हसून, उद्या तुमचं नाव घेते बघा, साखरझोपेतून उठून याल.

तिच्या वडिलांचं यंत्रही असंच सोडलं. रसायन पिळून कोरडं करणारी मोठी फिरती टाकी. कामगार तिला भोवरा म्हणत. तो फिरत असताना त्यांच्या गळ्यातला पंचा त्यात ओढला गेला. एवढं सांगून तिने डब्याचं झाकण लावलं.

गुरुवार, २२ ऑक्टोबर. भाऊबीज.

बूथवरून मिरजेला फोन केला. वहिनीने घेतला. भाऊ सगळ्यांना घेऊन तिच्या माहेरी निघायच्या गडबडीत होता. मी लगेच ठेवला. उगाच खोळंबा नको. वैशालीने करंज्या दिल्या होत्या. ताटात दोन घेतल्या आणि खाता खाता कळलं, की आज सकाळपासून बूथवाल्याखेरीज कोणाशी बोललेच नाही. धोंडुबाईही सणाच्या सुट्टीवर.

वखारीत जाऊन उगाच एकदा हाक मारून पाहिली. आवाज चांगला घुमतो.

बुधवार, २८ ऑक्टोबर

मुंबईहून नितेश आला होता. सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस. टाय लावतो, आणि चहात बिस्कीट तुटून पडलं की लहान मुलासारखा हळहळतो. मी म्हटलं, सोडलेल्या वस्तू नव्या नोंदीत घ्यायच्याच कशाला? तो म्हणाला, नंबरांत मध्येच खाडा पडला तर सिस्टीम पुढचं घेणार नाही. भंगार म्हणून लिहावं तर मंजुरीचे कागद लागतात, ते कोणाकडे नाहीत. तेव्हा ‘वापरात’ लिहा. आणि ठिकाण? मी विचारलं. ठिकाण कोरं चालत नाही. अशी एखादी जागा बघा मॅडम, जिथे कागदोपत्री काहीच नाही. टाका तिथे तूर्तास. नंतर बघू.

अशी जागा सगळ्या कंपनीत एकच निघाली. पेण डेपो.

मला खोटं लिहायला आवडत नाही. मी त्याला पुन्हा विचारलं, तो पुन्हा तूर्तास म्हणाला. वैशालीची बोटं अडखळत होती. मॅडम, नाव घेताय, म्हणाली. मी म्हटलं, नाव नाही गं, नंबर. हे उत्तर देताना मला मी फार हुशार वाटले.

गाडीत गंमत वाटत राहिली. माझ्या वखारीत आता कागदोपत्री स्टूल, घंटा, पंखे आणि एक अख्खा भोवरा! नोंदी खेपेखेपेने चढणार आहेत. लहान वस्तू आधी, मोठी यंत्रं सगळ्यांत शेवटी.

रविवार, ८ नोव्हेंबर

पहिली खेप परवा चढली. काल सकाळी वखारीत एक लाकडी स्टूल होतं. ओलं. पायांना राखाडी गाळ. मला वाटलं धोंडुबाईंनी शेजारून आणलं. त्या म्हणाल्या, मी कशाला आणू गो? मला बसायला येळ हाय काय तुझ्या घरात?

उलटं करून पाहिलं. खाली पितळी पट्टी होती, तीवर पुसट कुंकू. नंबर मी स्वतः वाचून दाखवलेला, वैशालीने टाइप केलेला.

आधी भीती वाटली नाही, हे खरं लिहायला हवं. आधी लाज वाटली. वस्तू इथेच होती आणि मी नीट पाहिलं नाही, असं वाटलं. मग कोपऱ्यात कँटीनची घंटा दिसली. मग पंखा. सगळं ओलं. वखारीची खिडकी आतून बंद, कुलूप जागच्या जागी. पहिल्या दिवशी मी ही वखार झाडून घेतली होती.

पट्ट्या तर नदीत आहेत.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

आज धोंडुबाई माझ्यावर रागावल्या. पावणं येणार तर सांगायचं ना गो, दारात वहाणा बघून मी भाकऱ्या वाढवल्या, पीठ संपलं.

मी दाराशी गेले. माझ्या चपलांच्या शेजारी कारखान्यात घालतात तसे जाड बूट. दोन जोड. ओले, गाळाने भरलेले. मी त्यांना म्हटलं, कंपनीची माणसं आहेत, वखारीत काम आहे. का म्हटलं असं? मी सहसा खोटं बोलत नाही.

त्या गेल्यावर वखारीचं दार लोटून पाहिलं. वीज गेलेली होती. पंखा फिरत होता. स्टूल मी ठेवलं तिथे नव्हतं, पंख्यासमोर होतं. कोणी नव्हतं. पण स्टुलाच्या फळीवर बसल्याजागी जेवढं ओलं राहील तेवढंच ओलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत पसरत होतं.

‘वापरात’ असं मीच लिहिलं आहे.

रविवार, १५ नोव्हेंबर

मला अंदाजावर राहणं जमत नाही. शुक्रवारी कॉम्प्युटरवर स्टुलाचं ठिकाण बदलून रोह्याचं स्टोअर केलं. संध्याकाळी घरी स्टूल नव्हतं. काल सकाळी स्टोअरकीपर हैबतराव ओरडत होते, कोणी हे भिजलेलं लाकूड माझ्या टेबलाजवळ आणून टाकलं म्हणून. तेच होतं. म्हणजे उपाय आहे. ठिकाण बदललं की वस्तू जाते, आणि वस्तूबरोबर जे येतं तेही जातं.

आता जे झालं ते लिहिते. शुक्रवारी घरी आले तेव्हा दाराशी बुटांचा एकच जोड होता. मला तो कमी वाटला. वाचायला बसले, लक्ष लागेना. जेवताना समोर पाहत राहिले. आईच्या शेवटच्या दिवसांत शेजारच्या खोलीत पंखा सतत घरघरायचा, तसा गेला आठवडा जात होता. कोणाशी बोलणं नाही, पण घरात कोणीतरी आहे. काल दुपारी मी स्टुलाचं ठिकाण पुन्हा पेण डेपो केलं.

हैबतरावांना त्रास नको म्हणून केलं, असं सकाळपासून स्वतःला सांगते आहे. त्यात काही खरं आहे का?

बुधवार, १८ नोव्हेंबर

बूट वाढताहेत. धोंडुबाई तेवढ्या भाकऱ्या टाकतात आणि दुसऱ्या दिवशी तशाच्या तशा उचलून कावळ्यांना घालतात. कसले पावणे गो तुझे, म्हणतात, पाणी सांडतात मेले आणि भाकरी खात नाहीत. मी हसले नाही.

काल घंटा वाजली. कँटीनची. सगळे स्वयंपाकघराकडे यायला निघाले असावेत, कारण फरशीवर ओलं उमटत माझ्या खुर्चीपर्यंत आलं आणि थांबलं. मी उठून वाट दिली. उठायला नको होतं. आता ते थांबत नाहीत.

मिरज डोळ्यांपुढे येतं. पण किल्ली माझ्याकडे नाही.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

आज कासूला वैशाली गाडीत चढली. नागोठणे गेलं. मग म्हणाली, रात्री बाबा दिसले, बूट शोधत होते. त्यांच्या एका बुटाची नाडी तुटलेली. जाळ्याचा हिरवा नायलॉन ओवून तोच बूट वर्षभर वापरला. आई कंजूष म्हणायची त्यांना. सांगताना हसली आणि ओढणीने डोळे टिपले.

मला तेव्हा सुचलं. आजवर सुचलं नाही, ही माझी हलगर्जी. शेवटच्या खेपेत भोवरा आहे. येत्या गुरुवारी चढणार आहे. ठिकाण पेण डेपो. वापरात.

सोमवार, २३ नोव्हेंबर

नितेशला फोन केला. भोवऱ्याची नोंद खेपेतून काढा म्हटलं. नोंदींची टेप मुंबईला गेली मॅडम, आता काढता येत नाही. नोंद पुसताही येत नाही. फक्त ठिकाण बदलता येतं. आणि तुमचं टेन्शनच संपवतो, म्हणाला. पेण डेपो बंद करतोय, तिथे कोणी जबाबदार माणूस नेमलेला नाही. गुरुवारी तिथलं सगळं तुमच्या टायपिंगच्या खोलीला जोडतो. ती खोली सिस्टीममध्ये नव्यानेच टाकली, रिकामीच आहे.

रिकामी नाही. तिथे वैशाली बसते.

मी नको म्हटलं. त्याने विचारलं, मग कुठे? मी सगळी ठिकाणं डोळ्यांपुढे आणली. कँटीन, दवाखाना, गेट, स्टोअर. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी आहे. माणूस नसलेली जागा कंपनीत एकच होती, आणि तिथे मी राहते.

वैशालीला रजा देऊ? किती दिवस? वडिलांच्या जागेवर लागलेली नोकरी, ती याच खोलीत म्हातारी होणार आहे. खरं सांगू? सांगितलं तर पोरगी बाबांना बघायला धावत येईल. मी तिला ओळखते. धावतच येईल.

आणि ती ओढणी घेते.

बुधवार, २५ नोव्हेंबर

केलं. ठिकाण चालू ठेवायचं तर त्यावर जबाबदार माणसाचं नाव लागतं. पेण डेपोवर माझं नाव घातलं. चंद्रावती, आणि पुढे नोकरीचा नंबर. नितेशला कळवलं. बरं झालं म्हणाला, एक खाडा कमी.

मी इथून गेले तर ठिकाण रिकामं. रिकामं झालं की तो बंद करणार. म्हणजे राहायचं. हे वैशालीसाठी केलं, याची मी आज कितीदा तरी खात्री करून घेतली. आणि जायचं असतं तर गेले कुठे असते, तेही एकदा विचारून घेतलं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. कुठलं आधीचं, ते ठरवता येत नाही.

वैशाली कासूला उतरत होती, तिला म्हटलं, उद्या मी येणार नाही, बरं नाही. ती म्हणाली, मंग मी येऊन जाते पेणला, पेज करून देते. मी तिला रागावले. पहिल्यांदाच. तिचं तोंड एवढंसं झालं. गाडी हलली तरी फलाटावरून माझ्याकडे पाहत होती.

गुरुवार, २६ नोव्हेंबर. सकाळ.

धोंडुबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, दारात आणखी एक जोड हाय. एकाची नाडी हिरवी.

भाकरी टाकली त्यांनी.

दुपार

वखारीत अजून काही दिसत नाही. पण पाण्याचा पेला टेबलावर आपणहून सरकतो. गणपतीच्या कारखान्यातली पोरं भिंतीपलीकडून विचारत होती, बाई, मशीन लावलंय काय? मूर्तींना तडे जातायत.

हो म्हटलं. लांब सरका म्हटलं. सरकवताहेत.

रघूंना मी सांगून पाहिलं. मोठ्याने. वैशाली चांगली आहे, टायपिंग स्वच्छ आहे, करंज्या आईसारख्या करते असं म्हणते. बुटांच्या जागी ओलं झालं, वाढलं. मग वखारीच्या दाराकडे गेलं. त्यांचं काम तिकडे आहे. त्यांच्या मनात वाईट नसावं. त्यांना फक्त वापरात —

संध्याकाळ

भोवरा फिरायला लागला. दार बंद आहे तरी वारा आत ओढतो. कॅलेंडर गेलं. वहीची पानं धरून ठेवावी लागतात.

पदर खोचला आहे. केसही बांधले —

वखारीच्या दारापर्यंत सगळे भिंतीला लागून उभे आहेत. ओलं दिसतं. माझ्यासाठी वाट ठेवली आहे, मी त्यांना ठेवली होती तशी. स्टूल मध्ये आहे.

भीती आहे. फार आहे. पण एकटं

वैशाली आता कासूला उतरली असेल. घरी —

पदर सुटला, मी तर खोच

उद्या : धोंडुबाईंना सांगणे, माझी भाकरी नको.